माळावरच्या घराभोवतीचे सरडे, पाली, सापसुरळ्या: ओळखायला मदत करा

मुरमाड

राम राम मंडळी. अंबाजोगाईपासून थोडं आत, बालाघाटाच्या माळावर घर बांधून आम्हाला दोन वर्षं झाली. खाली निव्वळ मुरूम, भोवती तरवड, हिवर, बोरी आणि एक जुना लिंब. मार्च सरला की गवताची काडी राहत नाही आणि दुपारी ओसरीच्या फरशीवर पाय ठेववत नाही. अशा जागी काय जगणार, असं बांधकामाच्या वेळी वाटलं होतं. प्रत्यक्षात सरड्या-पालींची एवढी गर्दी आहे की माझा दुसरीतला मुलगा त्यांची वही ठेवतो.

धागा काढण्याचं कारण वाईट आहे. गेल्या आठवड्यात गच्चीच्या जिन्याखाली रचलेले दगड हलवताना एक पालीसारखा प्राणी निघाला आणि गवंड्याने तो जागीच ठेचला. "ताई, चंदनघोरपड हाय, चावली की माणूस पाणी मागत नाही," असं तो म्हणाला. घाबरून मारलं, त्याला दोष देत नाही. मलाही काही सांगता आलं नाही, म्हणून जास्त लागलं. पोरगं दोन दिवस नीट जेवलं नाही.

वहीतली वर्णनं देते. फोटो दोनच आहेत आणि तेही हललेले.

पहिली, ट्यूबलाइटजवळच्या पाली. त्यात दोन प्रकार वाटतात. एक मोठी, गुळगुळीत, पोट पिवळसर. दुसरी लहान, पाठीवर मोहरीसारखे दाणे.

दुसरा, कुंपणाच्या दगडावर बसून डोकं वरखाली करणारा सरडा. मे महिन्यात त्याचा गळा लालभडक झाला. सासूबाई म्हणतात तो लांबून रक्त ओढतो, लेकराला त्याच्यासमोर उभं करू नको.

तिसरी, ती मारलेली. वीतभर लांब, फिकट पिवळं अंग, त्यावर गडद चॉकलेटी ठिपके, शेपूट मुळाशी जाड. पळालीच नाही, हळूहळू पाय उचलत चालली होती.

चौथा, मोकळ्या माळावरचा मातकट रंगाचा लहान सरडा. गळ्याखाली पंख्यासारखी कातडी उघडमिट करतो. पळताना कधीकधी दोन पायांवर उठतो.

पाचवी, कुंड्यांखालची. तेल लावल्यासारखी चकचकीत, पाय इवलेसे, शेपूट लाल. प्रथम सापाचं पिलूच वाटलं.

यातलं विषारी काय आहे, तेवढं आधी सांगा.

परभणीकर

तिसरा प्राणी सांडा असणार. मोबाईलवर शोधलं, जाड शेपूट आणि पिवळट अंग बरोबर जुळतं. आमच्या आठवडी बाजारात त्याचं तेल विकणारे बसतात. राजस्थानातून आणतात, त्यातला एखादा सुटून आला असेल.

पवनचक्कीवाला

परभणीकर दादा, सांडा नाही तो. मूळचा मी धाराशिवचा, चार वर्षं जैसलमेरकडे पवनचक्क्यांच्या कामावर आहे. आमच्या राहण्याच्या खोल्यांभोवती सांड्यांची बिळंच बिळं आहेत. सांडा थार आणि कच्छकडचा. शेपटीवर काट्यांची कडी असतात, एकाला एक लागून, दुरूनसुद्धा दिसतात. दिवसा उन्हात बाहेर येतो, पाला-फुलं खातो आणि संध्याकाळी बिळात शिरून तोंड आतून मातीने बुजवून घेतो. ताईंची तर दगडाखालून निघालीय. चाल आणि अंगही वेगळं आहे.

ते तेल विकत घेऊ नका, एवढी विनंती. जिवंत सांड्याचा कणा मोडून त्याला तव्यावर ठेवतात, तेव्हा ती चरबी निघते. कोणताही रोग त्याने बरा होत नाही.

इथे वाळूच्या टेकड्यांवर आणखी एक मजेचा प्राणी आहे. बेडकासारख्या तोंडाचा छोटा सरडा, अंग थरथरवतो आणि बघता बघता वाळूत बुडतो. लौंगेवालाच्या नावावरूनच त्याचं शास्त्रीय नाव पडलंय. पण तो याच वाळूचा. मोबाईलवर 'वाळवंटी सरडा' शोधलं की राजस्थान, अरबस्तान, अमेरिका सगळं एकत्र समोर येतं आणि तिथेच घोटाळा होतो. आधी आपल्या भागात काय सापडतं ते बघावं, मग चित्र जुळवावं.

बालाघाटी

मुरमाड ताई, मुलाच्या वहीला माझा नमस्कार सांगा. शाळेत शिकवतो, पंचवीसेक वर्षं याच डोंगरात फिरतो आहे.

आधी तुमचा मुख्य प्रश्न. पाचांतलं एकही विषारी नाही. माणसाला मारेल असं विष भारतातल्या कुठल्याही पालीत, सरड्यात, सापसुरळीत नाही. विषारी म्हणून प्रसिद्ध असलेला गिला मॉन्स्टर अमेरिका आणि मेक्सिकोच्या वाळवंटात राहतो. आपल्या माळावर जपायचं ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरशापासून.

आता तिसऱ्या प्राण्याबद्दल एक प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तरावर सगळं अवलंबून आहे. तिचे डोळे मिटत होते का? मुलाला विचाराल? घरातल्या पालीला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक पडदा असतो आणि तो ती जिभेने चाटून साफ करते. डोळे मिटणारी पाल असेल तर वेगळं सांगावं लागेल.

बाकीच्यांचं रात्री सविस्तर लिहितो, आत्ता तास आहे.

मुरमाड

सर, अंगावर काटा आला. मुलाला विचारायची गरजच पडली नाही, वहीत लिहिलंय: "तिने माझ्याकडे बघून डोळे मिटले. मग उघडले." मी वाचलं होतं, पण लेकराच्या मनाचं समजून धाग्यात घेतलं नाही.

बालाघाटी

मग ओळख जवळपास पक्की. ही बिबट्यासारख्या ठिपक्यांची जमिनीवरची पाल, इंग्रजीत लेपर्ड गेको म्हणतात तो गट. आपल्याकडच्या जातीचं शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस फस्कस. नावातच 'सुंदर पापणी' असा अर्थ आहे. मराठीत रुळलेलं नाव माझ्या ऐकण्यात नाही. शाळेतली पोरं 'डोळेमिटी' म्हणतात आणि मला ते आवडतं.

खुणा लक्षात ठेवा. पापण्या हलतात. बोटांखाली चिकटणाऱ्या गाद्या नसतात, नुसती नखं असतात, त्यामुळे ती भिंत चढत नाही. शेपूट जाड, कारण त्यात चरबी साठवलेली असते. उपासाच्या महिन्यांत ती कामाला येते, आपल्याकडे कणगीत ज्वारी ठेवतात तशी. दिवसभर दगडाच्या कपारीत, रात्री बाहेर. किडे, झुरळं, कोळी, जमलं तर विंचूही खाते. मोठीच्या अंगावर ठिपके असतात, पिलाच्या अंगावर रुंद पट्टे. मोठी आणि पिलू शेजारी ठेवली तर दोन वेगळे प्राणी वाटतील.

हळू चालते, पळून जात नाही, म्हणून सगळ्यात जास्त हीच मारली जाते. मी आजवर जिवंत चारदाच पाहिली आहे. मेलेल्या मात्र खूप पाहिल्या, रस्त्यावर चिरडलेल्या आणि शेतात काठीने मारलेल्या.

आणि चंदनघोरपड असा वेगळा प्राणीच नाही. लोक ज्याला ते नाव देतात ते बहुतेक वेळा साध्या घोरपडीचं पिलू असतं. पिलाच्या अंगावर पिवळट ठिपके आणि आडवे पट्टे ठळक असतात, मोठेपणी फिके पडतात. पिलू वेगळं दिसतं, म्हणून त्याला वेगळं नाव आणि विषाची गोष्ट चिकटली. गवंड्याने ठिपके पाहिले आणि ऐकलेली गोष्ट आठवली. लहानपणापासून जे ऐकलं तेच त्याने केलं.

एक कळकळीची विनंती. या पालीचा फोटो पुन्हा मिळाला तर गावाचं नाव, गट नंबर काही टाकू नका. पाळण्यासाठी चोरून विकणारे लोक आहेत.

औंढेकर

सर, सापसुरळीबद्दल लिहा ना. आमची आजी तिला सापाची मावशी म्हणायची. तिला मारलं की साप घरी येतो म्हणे. त्या भीतीने का होईना, आमच्या वाड्यात कुणी कधी मारली नाही.

बालाघाटी

लिहितो, ओळीने सगळंच.

पाचवी ती सापसुरळीच. चकचकीत खवले आणि तोकडे पाय ही खूण. बांधावर, कडब्याच्या गंजीपाशी दिसणारी मोठी, तांबूस-तपकिरी पाठीची असते ती वेगळी. तिच्या पाठीवरच्या प्रत्येक खवल्यावर बारीक रेघा उठलेल्या असतात. लाल शेपटीची कुंडीखालची ही सडपातळ जात आहे, अंगावर पांढुरके ठिपके असतील. लहानपणी शेपूट लाल असते, वय वाढलं की तो लाल जातो. भडक शेपटीवर पक्ष्याने चोच मारली तर शेपूट तुटते, जीव वाचतो. तुटलेली शेपूट वळवळत राहते आणि शिकाऱ्याचं लक्ष तिकडेच राहतं. पुन्हा उगवते तेव्हा आत मणके नसतात, कूर्चेची कांडी असते. म्हणून दुसऱ्यांदा आलेली शेपूट नीट बघितली की ओळखू येते, रंग आणि खवले जुळत नाहीत.

साप की सापसुरळी असा गोंधळ झाला तर पाय शोधा, पण लांबून. पाय दिसले नाहीत तर साप समजूनच वागा.

दुसरा, कुंपणावरचा, आपला नेहमीचा बागेतला सरडा. गळा लाल होणं हे नराचं विणीच्या दिवसांतलं लक्षण. रक्त ओढण्याशी संबंध नाही, त्याच्याकडे तसं साधनच नाही. डोकं वरखाली करतो ते दुसऱ्या नराला सांगायला, की हा दगड माझा. आपल्या म्हणीतली कुंपणापर्यंतची धाव ज्याने पहिल्यांदा पाहिली असेल त्याने सरडा नीट पाहिला होता. प्रत्येक नराची हद्द ठरलेली असते आणि तो तिच्यातच फिरतो. पाऊस पडून जमीन भुसभुशीत झाली की मादी खड्डा करून दहा-वीस अंडी घालते आणि डोक्याने माती दाबून जागा सपाट करते. तुमच्या मुलाला ते बघायला मिळालं तर वहीची चार पानं भरतील.

पाली: गुळगुळीत मोठी ती पिवळ्या पोटाची घरपाल, दाणेवाली लहान जात वेगळी. दोघी एकाच दिव्याखाली असतील तर मोठी दिव्याजवळची जागा धरते, लहान कडेला. लिंबाच्या खोडावर रात्री बॅटरी मारून बघा, करड्या अंगावर काळ्या नागमोडी खुणांची तिसरी दिसेल. ती झाडावरची पाल. भिंतीला चिकटतात ते गोंदाने नव्हे. बोटांखाली लाखो अतिसूक्ष्म केस असतात आणि भिंतीच्या कणांशी त्यांची ओढ तयार होते.

चौथ्याचा मला सर्वांत जास्त जिव्हाळा आहे. तो पंखावाला सरडा. मागच्या पायाला चारच बोटं असतात, बाकी सरड्यांना पाच. उन्हाळा संपायच्या सुमारास नर उंचशा दगडावर चढून गळ्याचा पंखा उघडतो आणि मादीला दाखवतो. काही जातींत पंख्यावर निळा, काळा, नारिंगी असे तिन्ही रंग असतात, काहींत तो पांढुरका आणि निळी रेघ असलेला. २०१६ साली या गटाचा नव्याने अभ्यास झाला आणि रंगीत पंख्याच्या काही जातींसाठी एक नवी प्रजाती केली गेली. तिचं शास्त्रीय नाव 'सरडा', थेट आपल्या मराठी शब्दावरून. जगातल्या शास्त्रज्ञांना तो शब्द आता तसाच लिहावा लागतो. वर्गात हे सांगताना दरवेळी छाती भरून येते.

तुमचा नेमका कोणता, ते हललेल्या फोटोवरून सांगणार नाही. पंखा पूर्ण उघडलेला असताना बाजूने फोटो घ्या.

हा सरडा मोकळ्या माळावरच जगतो. आपण माळाला पडीक म्हणतो, त्यावर झाडं लावतो, सपाट करतो, प्लॉट पाडतो. झाडं लावणं चांगलं, पण सगळीकडे नाही. तुमच्या घराभोवतीच्या जागेतला एक कोपरा दगडगोट्यांसकट तसाच ठेवाल का?

नांदेडची कविता

घोरपडीचा विषय निघालाच आहे तर मीपण बोलते. आमच्या शेतावर दरवर्षी एक येते आणि कोंबडीची अंडी, पिल्लं खाते. मागच्या वर्षी एका दिवसात सहा पिल्लं गेली. सर, तुम्ही ती विषारी नाही म्हणता, पण ज्याच्या खुराड्यावर येते त्याला विचारा. आमच्या मालकांनी काठी उचललीच होती, मी आडवी आले.

बालाघाटी

कविताताई, तुमचं नुकसान खरं आहे, त्याला कमी लेखत नाही. खुराड्याला बारीक चौकोनाची लोखंडी जाळी लावा आणि ती जमिनीखाली हातभर गाडा, कारण घोरपड उकरून आत येते. अंडी रोज संध्याकाळी उचलली की तिचं येणं कमी होतं. तीच घोरपड तुमच्या बांधावरचे उंदीर आणि किडेही खाते.

घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. मारणं, पकडणं, मांस किंवा तेल विकणं, सगळा गुन्हा. देवघरात ठेवायला 'हाताजोडी' नावाची मुळी विकतात, जोडलेल्या हातांसारखी. ती मुळी नसून नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. श्रद्धेने पैसे मोजणाऱ्याला हे माहीतच नसतं. हे ज्या घरी सांगितलं तिथे पुन्हा कुणी विकत घेतलेली नाही.

घरात किंवा विहिरीत अडकली तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तोवर कुत्री बांधा आणि तिला जायला एक वाट मोकळी ठेवा.

गेवराईची डॉक्टर

वैद्यकीय बाजूचं थोडं लिहिते, कारण बाह्यरुग्ण विभागात हे रोज ऐकते.

पाल पडलेलं दूध किंवा भाजी टाकूनच द्यावी, पण कारण विष नाही. पालीच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात, त्यांनी उलट्या-जुलाब होतात. रात्रीचं अन्न झाकून ठेवलं की प्रश्न मिटतो. लेकराने पाल-सरडा हाताळला तर साबणाने हात धुवायला लावा.

घोरपड चावली तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. जखम पिकू शकते, ती दाखवून घ्यावी.

सगळ्यात महत्त्वाचं: काय चावलं ते नक्की कळलं नसेल तर ओळख पटवत बसू नका. सापसुरळी होती की साप, हा वाद दवाखान्याच्या वाटेवर करा. फुरसं लहान असतं, मातकट असतं, दगडाखाली बसतं, आणि लोक "काहीतरी बारीक होतं" म्हणून घरीच थांबतात. त्या थांबण्यात माणसं गेलेली मी पाहिली आहेत.

मुरमाड ताई, मुलाला दगड उचलायला शिकवा. बोटं खाली घालायची नाहीत. काठीने दगडाची पलीकडची कड उचलायची आणि दगड आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे आतलं जे असेल ते पलीकडे निघेल आणि मध्ये दगडाची आड राहील. बघून झालं की दगड होता तसा ठेवायचा.

मुरमाड

डॉक्टर ताई, काठीचं कालच शिकवलं. सर, ईशान्येचा कोपरा सोडला. तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे होते, ते रद्द केले. सासूबाईंना लाल गळ्याचं वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, पण आज नातवाला सरड्यासमोर बसू दिलं आणि स्वतःही ओसरीत बसून बघत होत्या.

परभणीकर

माझं सांड्याचं उत्तर चुकलं होतं, मान्य. त्या निमित्ताने बाजारात जाऊन तेलवाल्याच्या टोपलीत नीट बघितलं. चार होते, जिवंत, कणे मोडलेले. शेपटीवर काटे होते, पवनचक्कीवाले दादा म्हणाले तसेच. १९२६ ला फोन केला, नाव-पत्ता देऊन तक्रार नोंदवली.

मुरमाड

तीन महिन्यांनी परत येतेय, पाऊस चांगला झालाय.

काल रात्री नऊला त्याच गवंड्याचा फोन. तो आता दुसऱ्या गावाकडे शाळेच्या कुंपणाचं काम करतोय. "ताई, दगडाखाली पट्ट्यापट्ट्याची निघालीय. पोरं मारायलालते, मी थांबिवलंय. डोळे मिटायलीय. काय करू?" त्या दिवशी मुलाने त्याला वही वाचून दाखवली होती, ते त्याच्या लक्षात राहिलं.

मी सांगितलं, हात लावू नको, कामाच्या जागेपासून पंचवीस-तीस पावलांवर दगडांचा ढीग कर आणि पाटीत घेऊन हळूच तिथे सोड. त्याने तसं केलं. फोटो पाठवलाय, जागेचं नाव कापून इथे टाकते. बोटाएवढी आहे, काळपट आणि पिवळे रुंद पट्टे. सर, बघा.

बालाघाटी

पिलूच आहे. शेपूट मूळची, एकदाही तुटलेली नाही. त्या गवंड्याचा फोन नंबर मला खाजगीत द्या, मला त्यांच्याशी बोलायचं आहे. आणि फोटोत मागे शाळेचा फलक अर्धा दिसतो आहे, तेवढा कापून पुन्हा चढवा.